जांघेला आधार देणारी कॉम्प्रेशन शॉर्ट: कबड्डीच्या मॅटवर सात महिने

बोनससाठी चढाईपटूचा पाय लांब जातो, नेमका तेव्हाच कोपरारक्षक घोटा धरतो आणि जांघेत चमक भरते. बहुतेक वेळा दुखावतो तो मांडीच्या आतला ॲडक्टर लाँगस हा स्नायू. जांघेवरून तिरके, जाड पट्टे शिवलेली शॉर्ट याच दुखण्यासाठी असते. आठवड्यातून पाच दिवस, सात महिने वापरून काय हाती लागलं ते सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. लंगोट आणि सपोर्टर वृषणांना उचलून धरतात. मांडीच्या स्नायूला त्यांचा काही उपयोग नाही. क्रेप बँडेज चांगलं आवळतं, पण घाम आला आणि दोन-चार पकडी झाल्या की गुंडाळी खाली घसरते. शॉर्ट घसरत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

ती काम करते का, हे घरीच कळतं. पाय सरळ ठेवून उताणं झोपा. जोडीदाराने दोन घोट्यांच्या मध्ये हाताचा कोपर ते मनगट हा भाग आडवा धरायचा आणि तुम्ही तो पाच सेकंद जोरात दाबायचा. दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. २ पर्यंत ठीक, ३ ते ५ असेल तर जपून, ६ किंवा त्याहून जास्त असेल तर खेळायचं नाही. हीच चाचणी एकदा शॉर्टशिवाय, एकदा घालून करा. आकडा खाली आला तर पैसे सार्थकी. हललाच नाही, तर दुखणं दुसरीकडचं असू शकतं, फिजिओला दाखवा. फक्त शॉर्ट घालून मिळालेल्या आकड्यावर मैदानात उतरू नका. दुखणं दबलं म्हणजे स्नायूचे तंतू जुळले असं नाही.

माप कमरेवरून घेतलं की हमखास फसतं. कबड्डीपटूची मांडी कमरेच्या मानाने भरलेली असते. नितंबाच्या घडीखाली, मांडीच्या सर्वांत जाड भागाला टेप लावा आणि त्या मापाने निवडा. घालताना आधी दोन्ही पाय जांघेपर्यंत पूर्ण वर ओढा, मग कंबर. पट्ट्याची शिवण जांघेच्या घडीत बसली तर अर्ध्या तासात कातडी सोलते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या तर कमरेचा पट्टा नस दाबतोय. एक माप मोठी घ्या.

दोन नग हवेतच. ओली शॉर्ट पुन्हा घातली की जांघेत गजकर्ण ठरलेलं. थंड पाण्यात धुवा, सॉफ्टनर नको, वाळवा सावलीत. उष्णतेने इलॅस्टेन, म्हणजे कापडातला ताणणारा धागा, मरतो. पाचव्या महिन्यात आमच्याकडची कमरेला घट्ट पण जांघेत सैल झाली, म्हणजे कामाचा भागच आधी गेला. एवढ्या किमतीच्या वस्तूत हे खटकतं.

खोकताना जांघेत फुगवटा येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर शॉर्ट बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. वृषणात अचानक तीव्र कळ आली तर तासाभराचीही वाट पाहू नका.

खरी ताकद कोपनहेगन व्यायामाने येते: कुशीवर पडून वरचा पाय जोडीदाराच्या हातात द्यायचा आणि त्याच्या जोरावर अंग उचलायचं. नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंवरच्या २०१९ च्या अभ्यासात त्याने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला होता. हा व्यायाम शॉर्ट काढूनच करा, आणि शॉर्टशिवायचा आकडा सलग दोन आठवडे २ च्या आत राहिला की सरावाचा पहिला अर्धा तास तिच्याविना खेळून बघा.