गृहीतकांची जोडणी नेम्ड ग्राफमध्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आरडीएफमध्ये (माहिती विधानांच्या रूपात साठवायची पद्धत) ट्रिपल, म्हणजे ‘कर्ता–संबंध–कर्म’ असं एक विधान, लिहिलं की ते मान्य केलं. दहा लिहिले तर दहाही एकदम मान्य. म्हणजे ‘आणि’ आयता मिळतो, ‘किंवा’ आणि ‘नाही’ यांना जागाच नाही. शिवजन्माच्या दोन्ही तिथी, शके १५४९ चा वैशाख आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, सरळ टाकल्या तर दोन्ही एकाच वेळी खऱ्या ठरतात.

म्हणून प्रत्येक गृहीतक स्वतःच्या नेम्ड ग्राफमध्ये (ट्रिपलच्या नाव दिलेल्या गठ्ठ्यात) आणि त्यांची जोडणी वेगळ्या नोडवर. त्या नोडवर जोडणीचा प्रकार (सर्व, किमान एक, नेमकं एक, नाही) आणि घटकांचे दुवे, बस्स. जुनं रीफिकेशन, म्हणजे विधानाविषयीच विधानं लिहिणं, इथे जड जातं: एका विधानाला चार ट्रिपल, पाच विधानांना वीस.

१६३० हे वर्षसुद्धा ‘सर्व’ प्रकारची जोडणीच आहे: जेधे शकावलीतली (जेधे घराण्याची तारीखवार घटनांची यादी) नोंद विश्वसनीय, आणि महिना फाल्गुन म्हणून शकात ७८ ऐवजी ७९ मिळवायचे. ‘१९ फेब्रुवारी’ म्हणायचं तर हीच जोडणी आणखी एका जोडणीत घटक म्हणून जाते, सोबत ‘तारीख ज्युलियन’ हे गृहीतक. ग्रेगोरियन धरलं तर तोच दिवस १ मार्च. वर्ष हलत नाही. काय पडल्यावर काय पडतं हे इतकं स्वच्छ दिसणं, यासाठीच ही रचना मला आवडते.

तीन पर्याय असतील तर ‘नेमकं एक’साठी ‘एक्सॉर’ ही तार्किक क्रिया वापरू नका. तिन्ही खरे असले तरी तो खरा येतो, कारण तो विषम संख्या मोजतो. शॅकल या आरडीएफ तपासायच्या भाषेतल्या ‘एक्सवन’चा अर्थ घ्या: नेमकं एक.

सगळ्यात घातक गळती डिफॉल्ट ग्राफची, म्हणजे नाव न देता विचारलं की जो शोधला जातो त्याची. आरडीएफ १.१ नं २०१४ मध्ये नेम्ड ग्राफ आरडीएफच्या मानकात आणले, पण त्यांतल्या विधानांचा अर्थ ठरवून दिला नाही. फुसेकी या आरडीएफ सर्व्हरमध्ये टीडीबी२ या साठवणीचा ‘युनियन डिफॉल्ट ग्राफ’ चालू असला की साध्या क्वेरीत सगळी गृहीतकं वस्तुस्थिती म्हणून बाहेर येतात. काही स्टोअरमध्ये हे मुळातच चालू असतं. ग्राफचं नाव न देता जन्मतारीख विचारून बघा. उत्तर रिकामं यायलाच हवं.

स्पार्कल या आरडीएफच्या क्वेरी-भाषेतलं ‘नॉट एग्झिस्ट्स’ही जपून. नोंद नाही म्हणजे खोटं, असं ते धरतं. त्यामुळे ‘अनिर्णित’ ही तिसरी किंमत प्रत्येक गृहीतकावर स्पष्ट लिहा. जोडण्या कितीही खोल जाऊ शकतात, एका क्वेरीत त्यांचा निकाल लागत नाही. पायथनमध्ये तळापासून वर मोजत जा. त्याआधी ‘घटक’ दुव्यावर अधिक चिन्हाचा प्रॉपर्टी पाथ (तोच दुवा एक किंवा अधिक वेळा ओलांडणारी स्पार्कलची वाट) चालवून एखादा नोड फिरून स्वतःपाशीच येतो का ते तपासा, नाहीतर मोजणी संपणारच नाही.

एकेका विधानावरच शंका नोंदवायची असेल तर एवढा खटाटोप नको, आरडीएफ-स्टार (ट्रिपलविषयी थेट विधान करू देणारा आरडीएफचा विस्तार) पुरतं.