‘रोमन हॉलिडे’: न बोललेल्या प्रेमाचा चित्रपट

माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, १९५३ साली प्रदर्शित झालेला विल्यम वायलर दिग्दर्शित ‘रोमन हॉलिडे’ मी नुकताच पाहिला. कृष्णधवल चित्रपटात रमायला वेळ लागेल, अशी माझी समजूत होती. पण पहिल्याच समारंभात पाहुण्यांच्या रांगेपुढे ताटकळलेली राजकन्या ॲन पायघोळ झग्याआड बूट काढून पाय मोकळा करते, तो बूट कलंडतो आणि चाचपडूनही सापडत नाही, तेव्हाच मी तिची झाले. ऑड्री हेपबर्नला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, याचे मुळीच नवल वाटत नाही.

राजशिष्टाचाराला कंटाळून निसटलेली ॲन आणि तिची खास बातमी मिळवून पाच हजार डॉलर कमावू पाहणारा वार्ताहर जो (ग्रेगरी पेक) रोममध्ये एक दिवस एकत्र घालवतात. दोघेही एकमेकांपासून आपली खरी ओळख लपवत आहेत. म्हणूनच, खोटे बोलणाऱ्याचा हात गिळणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या दगडी मुखवट्यासमोर ती बिचकते, तो प्रसंग नुसता गमतीचा राहत नाही. पेकने मुखवट्याच्या तोंडात घातलेला हात बाहेर काढताना बाहीत लपवला, तेव्हा हेपबर्नला त्याची कल्पना नव्हती. तिची किंकाळी खरी आहे. योगायोग असा की, मूळ कथा लिहिणाऱ्या डाल्टन ट्रम्बो यांचे नावही तेव्हा लपवावे लागले होते. हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे साम्यवादी असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत असल्यामुळे त्यांच्या कथेचे ऑस्कर दुसऱ्याच्या नावावर गेले आणि ते ट्रम्बो यांना १९९३ साली, मरणोत्तर दिले गेले.

नदीकाठची मारामारी मला लांबलेली वाटली. सिगारेट लायटरमधल्या कॅमेऱ्याने तिच्या नकळत छायाचित्रे काढणे तर आज अधिकच खटकते. मात्र चित्रपटाला त्या अपराधाची जाणीव आहे, हे शेवटी कळते.

तो शेवट (ज्यांना आधी कळायला नको, त्यांनी इथे थांबावे) मी विसरू शकत नाही. पत्रकार परिषदेत ॲन शिष्टाचार मोडून पत्रकारांना एकेक करून भेटते. जोचा छायाचित्रकार मित्र रोमची आठवण म्हणून तिच्या हाती एक पाकीट देतो; त्यात तीच छायाचित्रे असतात. पुढे जो उभा असतो. तो आपले नाव आणि संस्था सांगतो, ती इतरांशी बोलावे तितकेच औपचारिक बोलते, हात मिळवते आणि पुढच्या पत्रकाराकडे वळते. मनात येईल ते तत्क्षणी लिहून पाठवणाऱ्या माझ्यासारखीला, एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोजक्या शब्दांत घेतलेला हा निरोप कोणत्याही कबुलीपेक्षा जास्त भिडला.

मग दालन रिकामे होते. जो एकटाच दाराकडे चालू लागतो, त्याच्या पावलांचा आवाज घुमत राहतो आणि जाता जाता तो एकदा मागे वळून पाहतो. दुसऱ्यांदा पाहतानाही, ती परत येईल असे मला क्षणभर वाटले.