मिठाची गुळणी धरून गायलेलं गाणं

द गो-गोज या अमेरिकी मुलींच्या बँडचं 'अवर लिप्स आर सील्ड' मी मोबाइलवर शेकडो वेळा ऐकलं असेल. गेल्या महिन्यात मुंबईत जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात त्याची सात इंची तबकडीच हाती लागली. आय.आर.एस. रेकॉर्ड्स, १९८१. ६५० रुपये. दुकानदार म्हणाले होते एकदम स्वच्छ आहे, पण घरी लावली तर सुरुवातीलाच खरखर. अमेरिकी तबकडी असल्यामुळे मधलं भोकही मोठं. त्यात बसवायची प्लास्टिकची चकती वेगळी घ्यावी लागते. ती दुकानातच मागून घ्या, मला दुसरी खेप पडली.

एवढं करूनही पैसे वसूल झाले. पावणेतीन मिनिटांचं गाणं, आणि त्यातला एक क्षणही वाया गेलेला नाही.

बँडमधल्या पाचही जणी लॉस एंजेलिसच्या पंक, म्हणजे रांगड्या, वेगवान रॉकच्या क्लबांमधून वर आलेल्या. जीना शॉकचा ड्रम मला सगळ्यात आवडतो. मी लहानपणी सहा वर्षं तबला शिकले, त्यामुळे माझा कान आधी तालाकडे जातो. ती दाखवण्यासाठी काही वाजवत नाही, ठेका घट्ट धरते. त्याच्यावर कॅथी व्हॅलेंटाइनचा बेस धावतो आणि दोन गिटार चमचमत राहतात. वर बेलिंडा कार्लाइलचा आवाज. त्यात तक्रार नाही, मस्ती आहे. निर्माते रिचर्ड गॉटेहरर आणि रॉब फ्रीमन यांनी पंकची धार कमी करून सगळं लख्ख केलं, आणि बँडला ते आधी रुचलं नव्हतं. मला मात्र निर्मात्यांचंच पटतं. हे गाणं उन्हातलंच आहे.

शब्दांची जन्मकथा वेगळी आहे. १९८० साली या मुली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. त्याच सुमारास द स्पेशल्स या इंग्लिश बँडचा गायक टेरी हॉल आणि गो-गोजची गिटारवादक जेन वीडलिन यांचं जुळलं. त्याची तिकडे आधीच एक मैत्रीण होती. पुढे त्याने पत्रातून काही ओळी धाडल्या, जेनने त्या पुऱ्या करून चाल लावली. सांगणं एवढंच, की लोक आपल्याबद्दल काहीबाही बोलतात, बोलू देत, आपण तोंड उघडायचं नाही.

सांगलीत आमच्या वाड्यात ताई एका मुलाच्या स्कूटरवर दिसली, तेव्हा नळावर, गिरणीत, हळदीकुंकवाला सगळीकडे तोच विषय होता. आई रडायची. ताईने वर्षभर मिठाची गुळणी धरली. कुणाला खुलासा नाही, की कुणाशी भांडण नाही. संध्याकाळी केस विंचरून ती गच्चीवर जायची आणि गुणगुणायची. तेव्हा मला तिचा राग यायचा. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ती गच्ची आठवली.

मधे एक तुकडा आहे, तिथे ताल मागे सरतो आणि बेलिंडाऐवजी जेन गाते. आवाज बारीक, जवळजवळ लहान मुलीचा. इतका वेळ जगाला तोंड देणारं गाणं अचानक एकाच माणसाच्या कानाशी येतं, जणू पाठीवरून हात फिरवतं. जिच्यावर हे गुदरलं तिनेच तो तुकडा गायलाय, हे कळल्यापासून मी दर वेळी त्या जागेची वाट पाहते. मग ठेका परत येतो आणि बरं वाटतं.

हे गाणं अमेरिकेत विसाव्या क्रमांकापर्यंतच चढलं. पण ज्या अल्बममधलं ते आहे, तो १९८२ मध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतः वाजवणाऱ्या बायकांच्या बँडला तिथे हे आधी कधी जमलं नव्हतं. टेरी हॉलनेही १९८३ मध्ये त्याच्या फन बॉय थ्री या बँडबरोबर हेच गाणं केलं, संथ आणि काळोखं. तेही जरूर ऐका. त्याच्याकडे ते ओझं वाटतं, या मुलींकडे ते खांद्यावरून उतरवलेलं असतं.

रविवारी ताईला फोन लावून स्पीकर रेकॉर्ड प्लेअरजवळ ठेवला. शब्द तिला फारसे कळले नसतील, अर्थही मी सांगितला नाही. संपल्यावर ती म्हणाली, "मधे ती बारीक आवाजात गाते ना, तेवढं परत लाव गं."