ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी: श्रवणाच्या लॅटिन धातूंसाठी कितपत उपयोगी?

डग्लस हार्पर यांनी संकलित केलेला हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश मोफत वाचता येतो. ऐकण्याशी संबंधित इंग्रजी शब्द मुळापासून शिकायचे असतील, तर तो हाताशी हवाच. धातूंच्या छापील याद्या 'ऑड म्हणजे ऐकणे' एवढं सांगून मोकळ्या होतात आणि घोटाळा तिथेच होतो. त्या हिशेबाने 'ऑडेशियस'ही ऐकण्याचा शब्द ठरेल. कोशातली नोंद उघडली की त्याचा धातू 'औदेरे', म्हणजे धाडस करणे, असल्याचं कळतं. ऐकण्याचा धातू 'औदिरे'. ऑडिबल, ऑडियन्स, ऑडिटर त्यातून आले. (हिशेब पूर्वी मोठ्याने वाचून तपासले जात, म्हणून तपासणारा तो 'ऑडिटर', ऐकणारा.)

कोशाचं खरं बळ दिसतं ते चेहरा बदललेल्या शब्दांत. 'ओबे' घ्या. 'ओब' उपसर्ग आणि 'औदिरे' मिळून लॅटिनमध्ये 'ओबोएदिरे' झालं, स्वर बदलला आणि 'ऑड' दिसेनासं झालं. अर्थ मात्र 'मुलगा ऐकत नाही' म्हणताना आपल्याला अभिप्रेत असतो तोच. 'स्काउट'चं मूळ 'औस्कुल्तारे', कान देऊन ऐकणे, यात आहे. डॉक्टर स्टेथोस्कोपने करतात ते 'ऑस्कल्टेशन' त्याच घरचं. 'ॲब्सर्ड'मध्ये 'सुर्दुस', म्हणजे बहिरा, हा शब्द आहे आणि लॅटिनमध्ये 'ॲब्सुर्दुस'चा अर्थ बेसूर असाही होता. इथल्या 'ॲब'चं नेमकं काम काय, यावर कोश ठाम दावा करत नाही, 'कदाचित' म्हणतो. ही सावधगिरी मोलाची आहे.

वापरताना शब्द उपसर्गासकट शोधा, मग उपसर्गाची नोंद वेगळी उघडा. 'इनऑडिबल'मधला 'इन' नकारार्थी आहे, पण 'इन्क्लूड'मधला 'आत' या अर्थाचा; दोन्हींच्या नोंदी स्वतंत्र आहेत. तारांकित रूप दिसलं तर ते लिखित पुराव्यातलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी पुनर्रचित केलेलं आहे, हे लक्षात ठेवा. शब्दाजवळचं वर्ष म्हणजे उपलब्ध लिखित नोंदीचा सर्वांत जुना काळ, आणि तोही अंदाजे, विशेषतः 1700 पूर्वीचा. शब्दाचं जन्मवर्ष म्हणून ते उतरवून घेऊ नका.

'ऑरल' आणि 'ओरल' यांचा उच्चार अनेक जण सारखाच करतात; पहिल्याचं मूळ 'औरिस', कान, दुसऱ्याचं 'ओस', तोंड. दोन्ही नोंदी शेजारी उघडून वाचल्या तर गोंधळ कायमचा मिटतो. 'अकूस्टिक' आणि 'ओटायटिस' (कानाचा दाह) ग्रीक आहेत, त्यांना लॅटिन यादीत घालू नका. 'ऑडिओमीटर' तर अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक.

उणीव एकच, पण मोठी. हा अर्थकोश नाही. आजचा नेमका वापर आणि वाक्यरचना यांसाठी दुसरा चांगला शब्दकोश लागतोच. नवशिक्यांनी आधी तो उघडावा. शब्द ओळखीचा झाल्यावर इथे यावं. शिक्षक आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मात्र थेट इथूनच सुरुवात करायला हरकत नाही.