डीए की एलपीजी? ब्रेझिंग आणि हीटिंगसाठी गॅस निवडताना

डीए (म्हणजे विरघळवलेलं एसिटिलीन) सिलिंडरचा भाव वाढला की वर्कशॉपमध्ये एलपीजीचा विषय निघतोच. मग कोणीतरी ठासून सांगतं, "एलपीजीला ताप कमी, त्यावर ब्रेझिंग होत नाही." यातलं पहिलं खरं आहे, दुसरं नाही. ब्रेझिंग म्हणजे मूळ धातू न वितळवता भरणीची काडी वितळवून केलेला सांधा. ऑक्सिजनबरोबर जाळलं तर एसिटिलीनची ज्योत ३१०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, एलपीजीतल्या प्रोपेनची साधारण २८०० पर्यंत (एलपीजीसाठी पुढेही प्रोपेनचेच आकडे धरले आहेत). पण एसीच्या तांब्याच्या पाइपला लागणारी फॉस-कॉपरची (फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याची) काडी ८०० च्या आसपास वाहते, ४५ टक्के चांदीची त्याहून खाली आणि पितळेची ९०० च्या जवळपास. तांबं स्वतः १०८३ ला वितळतं. या कामांना २८०० अंश पुरून उरतात. त्यामुळे कमाल तापमानावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. ज्योतीतली उष्णता नेमकी कुठे असते आणि ती मिळवायला ऑक्सिजन किती जातो, हे बघा.

उष्णता कुठे असते

एक घनमीटर एसिटिलीन जाळलं की सुमारे ५५ मेगाज्यूल उष्णता मिळते आणि त्यातला एक तृतीयांश भाग नोझलच्या तोंडाशी असलेल्या आतल्या शंकूत असतो. प्रोपेन घनमीटरला ९० मेगाज्यूलच्या वर देतो, पण शंकूत जेमतेम दहा मेगाज्यूल. बाकी सगळी उष्णता बाहेरच्या पिसाऱ्यात.

कामात हा फरक लगेच दिसतो. जाड प्लेटचा बाक काढायचा, शाफ्टवरची पुली तापवून सोडवायची, पाइपला बेंड मारायचा, अशा कामांत पिसाराच हवा असतो आणि तिथे एलपीजी उजवा ठरतो. लेथच्या टूलवर कार्बाइडची टिप बसवतानाही तेच. टिप आणि शँक दोन्ही सारखे तापले पाहिजेत. एसिटिलीनचा शंकू टिपेवर टेकला तर ती तडकते. एलपीजीवर थोडा वेळ जास्त लागतो, पण टिप वाचते.

याच्या उलट, सर्व्हिस व्हॉल्व्हला चिकटून असलेला जॉइंट, भिंतीलगतचा पाइप किंवा शेजारी रबरी सील. इथे उष्णता एका ठिपक्यावर देऊन चटकन बाजूला व्हायचं असतं. एसिटिलीन ते करू देतं. एलपीजीने केलं तर व्हॉल्व्हला ओलं फडकं गुंडाळूनही जीव मुठीत धरावा लागतो.

एमएसचं (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाचं) गॅस वेल्डिंग करत असाल तर विचार करायलाच नको, डीए ठेवा. प्रोपेनच्या ज्योतीत शंकू मवाळ असतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून सांभाळणारं आवरणही तिला धड देता येत नाही. सायलेन्सर, पत्रा, बॉडीचं काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांसाठी हा लेख इथेच संपला तरी चालेल.

ऑक्सिजनचा हिशेब

एलपीजी स्वस्त म्हणून बदल करणारे बहुतेक जण इथे फसतात. एसिटिलीनच्या एका घनमीटरला सिलिंडरमधून साधारण १.१ घनमीटर ऑक्सिजन लागतो. प्रोपेनला चारच्या आसपास. सहा घनमीटरच्या डीएबरोबर सात घनमीटरचा एक ऑक्सिजन संपतो, हे प्रत्येक हेल्परला पाठ असतं. एलपीजीचा १९ किलोचा सिलिंडर वायूरूपात सुमारे दहा घनमीटर होतो, म्हणजे ऑक्सिजन ४० घनमीटर. सातने भागा: सहाच्या जवळपास सिलिंडर!

आता उष्णतेच्या भाषेत मांडू. ऑक्सिजनच्या एका घनमीटरमागे एसिटिलीनकडून ५० मेगाज्यूल मिळतात, प्रोपेनकडून तेवीसच्या आसपास. तेवढ्याच उष्णतेसाठी ऑक्सिजन दुपटीहून जास्त. तुमच्या गावात ऑक्सिजन जवळून आणि वाजवी दरात मिळत असेल तर एलपीजी तरीही परवडू शकतो. ऑक्सिजन टेम्पो करून तालुक्याहून आणावा लागत असेल तर आधी कागद-पेन घ्या. आणि नुसतंच तापवायचं असेल तर ऑक्सिजन हवाच कशाला? हवेवर चालणारा एलपीजी टॉर्च दोन हजार अंशांच्या जवळ जातो. बेअरिंग गरम करायला किंवा बारीक तांब्याच्या पाइपला तेवढं पुष्कळ झालं.

डीएची एक अडचण

डीएमधलं एसिटिलीन सच्छिद्र भरावातल्या एसिटोनमध्ये विरघळलेलं असतं. तासाला सिलिंडरमधल्या गॅसच्या एक सप्तमांशाहून जास्त ओढायचं नाही, सलग कामाला त्याहूनही कमी. सहा घनमीटरच्या सिलिंडरला ही मर्यादा एक घनमीटरही भरत नाही. मोठा हीटिंग नोझल तासाला दोन-तीन घनमीटर सहज मागतो. मग एसिटोन गॅसबरोबर बाहेर येतं, ज्योत बिघडते आणि सिलिंडरही धोक्याचा होतो. उपाय म्हणजे तीन-चार सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामाईक पाइपवर, जोडणं. एवढं करण्यापेक्षा मोठ्या हीटिंगला एलपीजीच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. एलपीजीलाही ओढ जास्त झाली की सिलिंडरवर दव धरतं आणि दाब पडतो. आपल्या एलपीजीत ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो; नाशिककडच्या जानेवारीतल्या पहाटे तळाशी उरलेला गॅस रुसतो तो यामुळे.

बदलायचं काय काय

नोझल तर बदलावाच लागतो. प्रोपेन सावकाश जळतो, त्यामुळे एसिटिलीनच्या नोझलवर त्याची ज्योत उडते. प्रोपेनचा नोझल दोन तुकड्यांचा, आत खोलगट असतो. कटिंगही करत असाल तर दुकानात एएनएमऐवजी (एसिटिलीनचा कटिंग नोझल) पीएनएम (प्रोपेनचा) मागा. होज एलपीजीसाठी चालणाराच घ्या, डीएच्या जुन्या नळीचं रबर एलपीजीने खराब होतं. रेग्युलेटर हाय प्रेशरचा हवा. स्वयंपाकघरातला ३० मिलीबारचा इथे काही कामाचा नाही. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत उलटी शिरू न देणारा) गॅस आणि ऑक्सिजन दोन्हीकडे हवाच.

ज्योत लावायची सवयही बदलते. एलपीजीचा शंकू एसिटिलीनइतका रेखीव दिसत नाही, ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा जास्त उघडावा लागतो. टॉर्च थोडा लांब धरा, आधी पाइप तापवा, मग फिटिंग, आणि काडी ज्योतीने नाही तर तापलेल्या धातूने वितळू द्या.

धोका दोन्हीकडे, पण वेगळा

एसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतं, प्रोपेन साधारण दोन ते साडेनऊ टक्क्यांतच. एसिटिलीनचा दाब होजमध्ये चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर नेऊ नका, ते ऑक्सिजनशिवायही फुटू शकतं. एसीवाल्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: डीएची फाटलेली नळी जोडायला हाताशी असलेला तांब्याचा तुकडा वापरायचा नाही. तांबं आणि एसिटिलीन मिळून स्फोटक संयुग तयार होतं.

एलपीजी हवेपेक्षा दीडपट जड आहे. गळला की जमिनीलगत पसरतो, गॅरेजच्या पिटमध्ये, तळघरात, गटारात साठतो आणि वास येईपर्यंत कधी कधी उशीर झालेला असतो. पिट असलेल्या शेडमध्ये मी सिलिंडर बाहेर ठेवून आत नुसती लाइन आणायला सांगेन.

घरगुती लाल सिलिंडर वर्कशॉपमध्ये वापरणं हा गुन्हा आहे. १९ किलोचा निळा घ्या. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) नियमांनुसार १०० किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. सहावा आणलात की परवाना लागतो.