वेडी बाभूळ उपटून देणारी जेसीबी सेवा (बडोदा परिसर)

सावली-वाघोडियाकडे पडीक जमीन असलेल्या बडोदेकरांना गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, काढून देणारे ठेकेदार आता सहज मिळतात. भाडं तासावर. लाकूड कोळशासाठी विकलं जातं, तेव्हा दर ठरवताना त्याची किंमत आधी वजा करून घ्या.

उपटण्याचं काम उत्तम. जमिनीलगत कापलेली वेडी बाभूळ बुडख्यातून फुटते आणि पूर्वीपेक्षा दाट होते. फुटणारे डोळे मुळाच्या अगदी वरच्या भागात असतात. जेसीबी तो भाग फूटभर खालून उचलते. फक्त दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच बोलवा. कोरड्या मातीत बुडखा मध्येच तुटतो.

ओळखीत मात्र ही मंडळी कच्ची. काटा दिसला की उपटलं, त्यात शमी आणि देशी बाभूळही जाते. फांदीच्या पेरावर जोडीने काटे आणि फुलांचे लांब तुरे असतील तर वेडी. शमीचे काटे दोन पेरांमध्ये विखुरलेले असतात. देशी बाभळीची फुलं पिवळी, गोल, आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. राखायच्या झाडांना आदल्या दिवशी चुना फासा. गवताळ माळावर अशी विरळ झाडं हवीतच.

मोठी उणीव पुढची: उकरलेली जमीन उघडीच सोडतात. मातीत वेडीचं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, शिवाय गुरं नि नीलगायी शेंगा खाऊन शेणातून नवं टाकतात. इथला साधारण 900 मिमी पाऊस झाडोरा माजायला पुरेसा आहे. माळ टिकतो तो कापणी, बेताची चराई आणि अधूनमधूनच्या वणव्यामुळे. चराई अति झाली की गवत जातं, गवत गेलं की वणवा लागत नाही, आणि काटेरी रोपांना रान मोकळं. कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात 1961च्या सुमारास खारं रण रोखायला वनखात्याने हीच बाभूळ लावली. पुढे तिने गवताची जागाच घेतली.

म्हणून धामण नि मारवेल ही चाऱ्याची गवतं लगेच पेरा: हेक्टरी सुमारे 5 किलो बी, दोन ओळींत 50 सेंमी अंतर, खोली सेंटीमीटरभर. धामणीचं ताजं बी नीट उगवत नाही, वर्षभर जुनं मागा. ते हलकं, केसाळ असतं. ओलसर मातीत कालवल्याशिवाय ओळीत पडत नाही. पहिलं वर्ष चराई बंद, बी झडल्यावरच कापणी.

ठेक्यात दुसऱ्या पावसाळ्यातली एक फेरी लिहूनच घ्या. वीतभर रोप ओल्या मातीतून हाताने निघतं, गुडघ्याएवढं झालं की कुदळ लागते.