गंधक पावडर ५०० ग्रॅम: माल मस्त, पॅकिंग भंगार

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मागवली होती, आली तेव्हा पिशवीचा कोपरा फाटलेला आणि अख्खा खोका आतून पिवळाधमक, दोन दिवस हाताचा वास जाईना. त्याचा एक स्टार कापलाय. पण माल खरंच चांगला, गुठळ्या नाहीत, खडे नाहीत. रिफायनरीत क्रूडमधून काढलेलं गंधक जगभर ढिगांनी पडून असतं, त्यात खायचं तेल घालून रबर करता येतं, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या लोकांनी केलंय, ते रबर पाण्यातला पारा शोषून घेतं. तेच आम्ही फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) १८० डिग्रीला केलं. आधी वितळून पातळ पिवळं होतं, १५९ च्या पुढे गंधकाचे रिंगेसारखे रेणू उघडतात आणि रंग केशरी, मग लाल होत जातो, तेल घातलं की सुरुवातीला दोन थर वेगळेच राहतात, वाटतं गेलं सगळं वाया, आणि मग एकदम इतकं घट्ट झालं की स्टिररच अडकला ना! मधेच मीठ मिसळायचं, नंतर पाण्यात धुतलं की स्पंजासारखी भोकं पडतात. तापमान जास्त चढलं तर सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तो वायू विषारी असतो, घरच्या गॅसवर अजिबात नको रे बाबा.